गारेचे पापुद्रे

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च २०१४. फेब्रुवारी अखेरीपासून महाराष्ट्रभर गारपीट चाललेली. मी नाशिक जिल्ह्यात मामांकडे होतो. माल काढायला आठ दिवस बाकी, व्यापारी द्राक्षांची साखर तपासून सौदा करून गेलेला. दुपारी वारा पडला, जीव नकोसा झाला. मग ढग चढला, बुडाशी काळाकुट्ट. पत्र्यावर टण्णकन एक आवाज, मग दुसरा, मग शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दहा मिनिटं! थांबलं तेव्हा वेलीवर पान उरलं नव्हतं, घड चिखलात.

मामा ओट्यावर बसले, कुणाशी बोलेनात. आजी मात्र परात घेऊन अंगणात. लिंबाएवढी गार उचलली, अडकित्त्यात धरली नि कचकन फोडली.

"अगं बाई, हिला तर कांद्यासारखे पापुद्रे!"

एक पांढरा, एक काचेसारखा, पुन्हा पांढरा. अडकित्ते आता घरात दिसत नाहीत. पुडीतल्या सुपारीला मी तरी सुपारी म्हणत नाही. असो.

आजीनं पाहिलं ते खरंच. जमीन तापते, हवा वर धावते. वर थंड हवा असली की ढग दहा-बारा किलोमीटर चढतो. तिथं पाणी शून्याखालीही थेंबच राहतं, बर्फाच्या कणाला लागलं की गोठतं. झटकन गोठलं तर हवा आत अडकते, थर पांढरा. सावकाश गोठलं तर काचेसारखा. खालून वर धावणारा हवेचा झोत पेलतो तोवर गार वाढत जाते. म्हणून गार जेवढी मोठी, तेवढा झोत जोरदार. पुन्हा सांगतो, गार मोठी, तर झोत जोरदार.

असाच ढग एप्रिल-मेमध्ये वळीव घेऊन येतो, ऑक्टोबरात पाऊस परतताना पुन्हा उठतो, आणि विजा पाडतो. वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण मोजत उभे राहू नका. गडगडाट ऐकू आला की घरात. आंब्याखाली नव्हे, घरात. पावसाळ्याची तऱ्हा निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यावर पुढच्या वेळी बोलू.

अरे हो, त्या गारेचं राहिलंच. अर्धी आजीनं मामांच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "बघ, हिनं नेली बाग." मामांनी मूठ मिटली, आणि कोपरापर्यंत पाणी ओघळलं तरी उघडली नाही.