तंजावरच्या वाड्यातले रुमाल

खांबांपासून कमानींपर्यंत रंगच रंग. हा तंजावरच्या मराठा राजांचा दरबार. वाडा मूळचा मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा. १६७५च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले आणि कावेरीकाठी भोसल्यांचं राज्य सुरू झालं.

नायकांच्या दरबारात आता चोळकालीन कांस्यमूर्ती मांडल्या आहेत. गर्दी इथेच होते, आणि व्हावीच अशा या मूर्ती आहेत. त्यांच्या सोबतीला हा पांढरा संगमरवरी पुतळा दुसऱ्या सरफोजीराजांचा.

सरफोजी १७९८मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं कारभार काढून घेतला. हाती राहिला किल्ला आणि भोवतालची थोडी जमीन. राज्य गेलं, वेळ मात्र मुबलक मिळाला. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजानं तो ग्रंथांवर खर्च केला. काशीयात्रेत पोथ्या जमवल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. त्यांवर त्यांची इंग्रजी सही आजही दिसते. वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती! धन्वंतरी महालात औषधांवर काम चाले. डोळ्यांचे रोगी तपासले की विकाराची नोंद व्हायची आणि त्या डोळ्याचं असं रंगीत चित्रही काढलं जायचं.

हे सगळं जपलंय या सरस्वती महाल ग्रंथालयानं. ताडपत्रांवरच्या तमिळ आणि संस्कृत पोथ्या, कागदावरचे मराठी ग्रंथ. आणि हे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आम्ही आलो ते यांच्यासाठी. आत मोडीतले, म्हणजे मराठी भरभर लिहायच्या जुन्या लिपीतले कागद आहेत. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. कारकुनाचा हात किती भरभर चालत असेल, ते या वळणांवरून कळतं. वाड्याचा जमाखर्च, पत्रव्यवहार, रोजचे व्यवहार, सगळं मराठीत आणि सगळं मोडीत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात. तिथे शिकलेल्यांनी एकदा तंजावरची गाडी पकडावी, असं इथे उभं राहिल्यावर सारखं वाटतं.

१८५५मध्ये तेव्हाच्या राजाला मुलगा नाही म्हणून संस्थान संपलं. ग्रंथालय १९१८मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

वाड्यापासून बृहदीश्वर मंदिर जवळच आहे. तिथल्या ओवरीच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो देवनागरीत आहे. आपल्यापैकी कुणालाही वाचता येईल.