घरातल्या सगळ्यांत भित्र्या मांजराला विचारा

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी आधीच दोन-तीन किंवा त्याहून जास्त मांजरं आहेत, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. तुमच्यापुढे एक प्रश्न अधूनमधून उभा राहतोच. जिन्याखाली पिल्लू सापडतं. ओळखीतलं कुणी दूरदेशी निघालेलं असतं आणि त्यांच्या बोक्याला घर हवं असतं. नाहीतर कुणीतरी फोनवर फोटो पाठवतं आणि म्हणतं, तुमच्याकडे आहेतच की, त्यात हे एक. फोटोतले डोळे बघून आपलंही मन विरघळतं आणि कोणत्या खोलीत ठेवता येईल याचा विचार सुरू होतो.

माझं सांगणं एवढंच आहे की हा निर्णय नव्या मांजराकडे बघून घेऊ नका. घरातल्या सगळ्यांत धीट, सगळ्यांच्या अंगावर लोळणाऱ्या मांजराकडे बघूनही घेऊ नका. ते कुणाशीही जमवून घेईल. तुमच्या घरातलं सगळ्यांत भित्रं मांजर कोणतं, ते आत्ता कसं जगतंय आणि नवं आल्यावर त्याच्या दिवसाचं काय होईल, हे आधी बघा. कारण जागा कमी पडली की ती पहिल्यांदा त्याची कमी पडते.

याचं मूळ मांजराच्या जातकुळीत आहे. आपल्या घरची सगळी मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. तो प्राणी एकटा राहतो, एकटा शिकार करतो. उंदीर हा एकाच तोंडाचा घास, त्यात वाटेकरी परवडत नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, म्हणजे आपला सहवास तसा जुना. पण एवढ्या काळातही मांजर कुत्र्यासारखं कळपाचं झालं नाही. जिथे खाणं भरपूर मिळतं तिथे मोकाट मांजरं एकत्र राहतात, हे खरं; पण त्या गटाचा गाभा बहुधा आई, मुली, बहिणी, मावश्या असा असतो. त्या एकमेकींची पिल्लंही पाजतात. बाहेरचं मांजर आलं की मात्र त्याला हुसकावून लावतात.

आपण घरात काय करतो? एकमेकांशी काही नातं नसलेली मांजरं आणतो आणि दार लावून घेतो. त्यातली कित्येक छान राहतात, हे मी नाकारत नाही. माझ्या घरी चार आहेत आणि त्यातली दोन एकमेकांच्या कुशीत झोपतात. पण हे आपोआप घडेल असं धरून चालता येत नाही. शिवाय भांडण झाल्यावर समेट करण्याची कुत्र्यांकडे जशी रीत असते, तशी मांजरांकडे फारशी नसते. मांजराचा तोडगा एकच, तिथून निघून जायचं. बंद घरात निघून जायला जागाच नसेल तर ते काय करणार?

आता थोडं गणित. दोन मांजरं असली की घरात जोडी एक. तिसरं आलं की जोड्या तीन होतात, चौथं आलं की सहा, पाचव्याला दहा. म्हणजे तीन मांजरांच्या घरात चौथं आणताना तुम्ही तीन नवी नाती आणत असता. आणि जुनी तीनही जशीच्या तशी राहतील याची खात्री नाही. नव्याचा वास आला, तो दाराआडून दिसला, की चिडलेलं मांजर पुष्कळदा शेजारी बसलेल्या जुन्या मित्रावरच तुटून पडतं. राग एकावर आणि पंजा दुसऱ्याला. वर्षानुवर्षं एका गादीवर झोपलेली जोडी अशी एका दुपारीत दुरावू शकते.

पण आमच्याकडे कधी भांडणं होत नाहीत, असं बरेच जण सांगतात. श्रोतेहो, मांजरांतला ताण बहुतेक वेळा आवाज करत नाही. फिस्कारणं, बोचकारणं ही फार पुढची पायरी. त्याआधीचं सगळं गुपचूप चालतं आणि नजर सरावली नसेल तर ते गोडही वाटतं.

आमच्या राणीचं आणि काळूचं सांगते. काळू स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडलेला असतो. पाहुण्यांना वाटतं, काय निवांत पडलाय! पण त्या दारातूनच लिटर बॉक्सकडे, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेकडे जायची वाट. राणी सोफ्याखालून बाहेर येते, चार पावलं टाकते आणि थांबते. काळू उठत नाही, गुरगुरत नाही. फक्त मान वळवून तिच्याकडे टक लावून बघतो. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं हलतं. राणी जमिनीवर काहीतरी हुंगल्यासारखं करते, जागच्या जागी बसून पाठ चाटायला लागते आणि मग आल्या वाटेने परत सोफ्याखाली जाते. कुणाला काही दिसलंही नाही. पण तिची लघवी तुंबली. दुसऱ्या खोलीत आणखी एक लिटर बॉक्स ठेवला, तेव्हा कुठे राणी दिवसा मोकळेपणाने फिरायला लागली.

म्हणून हो-नाही ठरवण्याआधी आठ-पंधरा दिवस नुसतं बघा. कोण कुठे झोपतं? कोण आलं की कोण उठून जातं? खाताना कुणी घाईघाईने गिळून पाय काढता घेतं का? एखादं मांजर दिवसचे दिवस कपाटावरच असतं का, आणि सगळे झोपल्यावरच खाली उतरतं का? पोटाचे किंवा मांडीचे केस चाटून चाटून कुणी विरळ केलेत का? गादीवर, दारापाशी, भिंतीवर लघवी होते का? उलट जी मांजरं खरोखर एकमेकांची आहेत, ती शेपटी उभी करून एकमेकांकडे जातात, नाकाला नाक लावतात, अंग घासतात, एकमेकांचं डोकं-कान चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात. एका खोलीत असणं आणि मैत्री असणं यांत फरक आहे. तीन मांजरांच्या घरात दोघांचा एक गट आणि तिसरं वेगळं, असं सर्रास असतं. ते वेगळं मांजर आधीच अंग चोरून जगत असेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. आधी त्याचं घर त्याला परत मिळवून द्या, नव्याचा विचार नंतर.

ते कसं द्यायचं? लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, हा हिशोब बहुतेकांना माहीत असतो. पण चार बॉक्स बाल्कनीत एका रांगेत मांडले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, कारण एक मांजर वाटेत बसून सगळ्यांवर पहारा करू शकतं. ते वेगवेगळ्या खोल्यांत हवेत. पाण्याचे वाडगे, खाण्याच्या जागा, उंचावरच्या फळ्या, लपायचे कोपरे, सगळं असंच विखरून. आणि लपायच्या जागेला दोन तोंडं असली तर उत्तम, आत कोंडलं जायची भीती राहत नाही. पाचव्या मांजरासाठी सहावा बॉक्स कुठे ठेवणार, तो रोज दोनदा कोण साफ करणार, हे बोट दाखवून सांगता येत नसेल, तर घरात पाचव्याला जागा नाही. एवढा रोखठोक हिशोब मला तरी योग्य वाटतो.

ताणाचा आजाराशी थेट संबंध आहे, म्हणून मी एवढा आग्रह धरते. मांजरांच्या मूत्राशयाला जंतूंविना सूज येते, त्यामागे ताण हे एक मोठं कारण मानतात आणि अनेक मांजरांच्या घरात हा धोका जास्त असतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो तुंबूही शकतो. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी पशुवैद्याकडे न्या. यात जीव जातो. सर्दी-डोळ्यांचा जो हर्पीस विषाणू असतो, तो एकदा झालेल्या बहुतेक मांजरांच्या अंगात दबा धरून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

नव्या मांजराकडून येणारे आजार वेगळेच. मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका वाडग्यातून पसरतो. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून. दोन्हींची रक्ततपासणी होते, पण लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या तपासणीत ती दिसेलच असं नाही, म्हणून पशुवैद्य महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. एफआयव्ही निघाला म्हणजे मांजर वाया गेलं असं मुळीच नाही. शांत, न भांडणाऱ्या घरात अशी मांजरं वर्षानुवर्षं जगतात. पण तुमच्या घरात मारामाऱ्या होत असतील तर ते घर त्याचं नव्हे. लसीकरण, जंत, गोचीड-पिसवा, गजकर्ण हे सगळं बघून होईपर्यंत नव्याची खोली वेगळी. गजकर्ण तर माणसांनाही होतं. नसबंदी झालेली नसेल तर ती आधी. बोक्याची नसबंदी झाली तरी त्याच्या अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे लागतात, हेही लक्षात ठेवा.

एका प्रसंगाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. घरातलं एखादं मांजर जातं. घर सुनं होतं. मागे राहिलेलं मांजर दारापाशी बसतं, ओरडतं, खात नाही, आणि आपल्याला वाटतं याला सोबत हवी. खरं तर त्याला कुणीतरी मांजर नको असतं, ते गेलेलं मांजर हवं असतं. अनोळखी वासाचं, अनोळखी चालीचं मांजर आणून ती जागा भरत नाही. काही मांजरं तर जोडीदार गेल्यावर हळूहळू खुलतात, कधी नव्हे ते मांडीवर येऊन बसतात, तेव्हा आपल्याला कळतं की इतकी वर्षं ती दबून होती. त्यांना थोडे महिने द्या. आणि ते मांजर पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे पार्व्होच्या जातीच्या विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराने गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू अशा घरात आणू नका.

म्हाताऱ्या मांजराला पिल्लू आणून तरतरी येईल, हाही असाच एक समज. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली असते. ती दुखणं दाखवत नाहीत, फक्त उड्या कमी करतात. अशा मांजराच्या पाठीवर चार महिन्यांचं पिल्लू दिवसातून पन्नासदा उडी मारणार, शेपटी धरणार. त्याच्याजागी स्वतःला ठेवून बघा. आणायचंच असेल तर शांत स्वभावाचं मोठं मांजर आणा. किंवा दोन पिल्लं एकदम, म्हणजे ती निदान एकमेकांशी खेळतील. आणि नव्याचा पूर्वेतिहास विचारा. लहानपणी, विशेषतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, इतर मांजरांत वाढलेलं मांजर पुढे सहसा लवकर रुळतं. आधीच्या घरातून इतर मांजरांशी पटत नाही म्हणूनच बाहेर पडलेलं मांजर तुमच्या घरी येऊन संत होणार नाही.

हे सगळं जुळत असेल, घरातलं भित्रं मांजरही मोकळं वावरत असेल, तर जरूर आणा. अशा घरात आलेलं मांजर भाग्याचं. फक्त पहिल्या दिवशी कॅरिअर, म्हणजे मांजर ज्यातून आणलं ती पेटी, उघडून त्याला दिवाणखान्याच्या मधोमध सोडू नका. ‘आपापसात बघून घेतील’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पहिलीच भेट हातघाईवर आली तर ती मनातून जाता जात नाही. नव्याला स्वतःची खोली द्या, त्यात त्याचं सगळं. मऊ फडकं त्याच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवा आणि ते जुन्यांच्या खाण्यापासून थोडं लांब ठेवा. त्यांचं फडकं इकडे आणा. कुणी हुंगून पुढे गेलं तर छान. कुणी हुंगून मागे सरलं, फिस्कारलं, तर अजून थांबा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं, वाडगे रोज थोडे जवळ. मग जाळीआडून नजरानजर, दोन मिनिटं, पाच मिनिटं, आणि सगळं शांत असतानाच थांबायचं. याला कधी दोन आठवडे लागतात, कधी चार-सहा महिने. हा वेग ठरवायचा हक्कही त्या भित्र्या मांजराचाच.

शेवटी एक बोलणं घरातल्या माणसांनी आधीच, नवं मांजर दारात यायच्या आधी करून ठेवावं. नाहीच जमलं तर काय? किती महिने प्रयत्न करायचा, आणि मग ते कुणाकडे जाईल? ज्यांच्याकडून आणलं ते परत घेतील का, हे स्पष्ट विचारून घ्या. आणि उत्तर ‘नाही’ असं निघालं, तरी जिन्याखालच्या त्या पिल्लासाठी करण्यासारखं पुष्कळ उरतं. त्याची लस, नसबंदी यांचा खर्च उचला, चांगले फोटो काढा, येणाऱ्या माणसांची नीट चौकशी करा, आणि जिथे दुसरं मांजर नाही किंवा त्याच्याच वयाचं एखादं खेळकर मांजर आहे, असं घर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

नमस्कार.