रुंदी तीच ठेवा, रिम लहान घ्या

नमस्कार मंडळी. कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडचे पोट्टे सेकंड हँड पोलो जीटीसारखी चपळ गाडी घेतात अन् आठ दिवसांत तिला १७ इंची अलॉय रिम बसवतात. मीही बसवले होते. पहिल्याच पावसाळ्यात गावच्या फाट्यावरल्या खड्ड्यात पुढची रिम वाकली, टायरला फुगा आला. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो : पैसा रिमवर नको, टायरवर लावा.

गाडीजवळ असाल तर वाकून बघा. टायरवर लिहिलं असेल, १९५/५५ आर १६. १९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिच्या ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर, ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीची, उंची. १६ इंच रिम. १७ वर गेलात की सहसा २०५/४५ बसतो अन् साइडवॉल उरते ९२. खड्ड्याचा दणका झेलते ती हीच रबराची उंची. काळ्या मातीवरचे आपले रस्ते दर पावसात खचतात, तिथे हे पंधरा मिलिमीटर फार मोलाचे आहेत.

आता उलटं करा. १५ ची रिम, टायर १९५/६०. रुंदी तीच, साइडवॉल ११७. चाकाचा व्यास ६२१ वरून ६१५ होतो, एक टक्कासुद्धा फरक नाही, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. या मापाचा टायर सहसा स्वस्तही पडतो. वाचलेल्या पैशात चांगल्या रबराचा घ्या, कारण वळणावर गाडी धरून ठेवतं ते रबर. १७ वर स्टिअरिंगला गाडी जास्त झटकन वळते हे खरं आहे. पण आपल्या रस्त्यांवर मला ते परवडलं नाही.

रिम घेताना भोकं मोजा. पोलोला पाच, स्विफ्टला चार. अन् बसवल्यावर चाक हाताने फिरवून बघा, लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा टायरवर असतो, ८७ किंवा ८८ असा (हे किलो नव्हेत), तो मूळ टायरपेक्षा कमी नको.

जुन्या अलॉयसोबत टायर फुकट मिळाला तर आधी त्याचं वय बघा. कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबराला बारीक तडे असतील तर तो टायर सोडून द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा, अन् हवा कमी असेल तर साइडवॉल वाकून वाकून आतूनच तापते. असा टायर तिथे फुटला तर गाडी सावरणं फार कठीण.

म्हणून समृद्धीवर जायचं त्या दिवशी मी हवा घरीच बघतो, उन्हं वर यायच्या आत, टायर गार असताना. दारावरच्या स्टिकरवर आकडा असतो, गेजवर तोच यायला हवा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसेल. ती हवा सोडू नका.