हीटरचा हम आणि एक छोटा चॅम्प

गिटार जोडलेली नाही, तरी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमधून खर्जातला एक स्वर सतत येतो आहे. व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे त्याला नुसते 'हम' म्हणतात. तो कोठून येतो आणि कसा कमी करता येतो, हे पाहण्यासाठी आपण फेंडर कंपनीचा 'चॅम्प' घेतला आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले हे '५एफ१' सर्किट अगदी साधे आहे. त्यात सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६ व्हॉल्व्ह, एसीचे डीसी करणारा रेक्टिफायरचा एक व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि आवाजाची एकच कळ एवढेच आहे.

व्हॉल्व्हमधला कॅथोड लालबुंद तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटरची बारीक तार बसवलेली असते. तिला ६.३ व्होल्ट लागतात. हा विचित्र वाटणारा आकडा मोटारीच्या जुन्या बॅटरीतल्या तीन सेलच्या बेरजेतून आला. कॅथोड आणि हीटर वेगळे झाले, १९२७ साली आरसीए या अमेरिकी कंपनीचा यूवाय-२२७ हा व्हॉल्व्ह बाजारात आला आणि व्हॉल्व्ह थेट ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर तापवणे शक्य झाले. सोय झाली खरी, पण पिकअपच्या (गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या) नाजूक सिग्नलशेजारी त्याच्या कितीतरी पट मोठा एसी दाब कायमचा राहायला आला. चॅम्पमध्ये १२एएक्स७ आणि ६व्ही६ मिळून ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगमधून (तारेच्या गुंडाळीतून) पाऊण अँपिअर प्रवाह घेतात. १२एएक्स७ चा प्रत्येक अर्धा भाग ग्रिडवर, म्हणजे सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीवर, आलेली गोष्ट सर्किटनुसार तीस ते साठ पट वाढवतो, मग ती गिटार असो वा हीटरच्या एसीची गळती.

मात्र प्रत्येक हम हीटरचा नसतो, आणि माझ्या मते निम्मी मेहनत इथेच वाया जाते. हीटरचा हम विजेच्या मूळ वारंवारितेचा, म्हणजे अमेरिकेत ६० आणि आपल्याकडे ५० हर्ट्झचा असतो. रेक्टिफायरनंतर उरलेली लहर मात्र दुप्पट वारंवारितेची, कानाला अधिक खरखरीत लागणारी असते. चॅम्पमध्ये आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असल्यामुळे, पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालणाऱ्या) सर्किटमध्ये परस्पर कटून जाणारी ही लहर इथे सरळ स्पीकरपर्यंत पोहोचते. १२एएक्स७ काढून घेतल्यावरही आवाज तसाच राहिला, तर आधी ही लहर सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर तपासावेत. कळ फिरवल्यावर हम कमी-जास्त होत असेल, तर तो कळीच्या आधीच्या टप्प्यातून येतो आहे. चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, उघडताना एक भान ठेवावेच लागते: स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात, आणि ते रिकामे करून, मीटरने मोजून मगच आत हात घालावा.

आता तारांकडे येऊ. या काळातल्या चॅम्पमध्ये हीटर वाइंडिंगचे एक टोक सरळ चॅसीला जोडलेले असते आणि एकच तार व्हॉल्व्हकडे जाते, म्हणजे परतीचा सगळा प्रवाह त्याच पत्र्यातून वाहतो ज्याला सिग्नलही आपला शून्य मानतो. ही जोडणी सोडवून दोन्ही टोके स्वतंत्र तारांनी न्यावीत आणि त्या तारांना घट्ट पीळ द्यावा, म्हणजे एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राने पुसले जाते. पिळलेली जोडी चॅसीच्या कोपऱ्यातून न्यावी आणि ग्रिडच्या तारेला ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडावे.

यानंतर दोन्ही तारांना मध्यबिंदू हवा. ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधोमध काढलेली जोडणी) नसल्यास प्रत्येक तारेपासून शंभर ओहमचा अर्ध्या वॅटचा एकेक रेझिस्टर जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्याला, जोडतात. मग एक तार वर जाते तेव्हा दुसरी तितकीच खाली जाते, आणि ग्रिडवर पडणारा दोघींचा प्रभाव बराचसा शून्यावर येतो. जुनी चॅसीची जोडणी सोडवायला विसरले, तर मात्र एक रेझिस्टर निरर्थक ठरतो आणि सारे पूर्ववत राहते. फेंडरने पुढे काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा तोल हाताने साधण्यासाठी वेगळी कळच दिली होती.

एवढे करूनही थोडा हम उरतो, कारण गळती व्हॉल्व्हच्या आतच असते. तापलेला हीटर स्वतःही इलेक्ट्रॉन सोडतो, आणि कॅथोड त्याच्यापेक्षा धन असेल तर ते तिकडे ओढले जातात. यावर चॅम्पमध्ये एक सुंदर उपाय आयताच उपलब्ध आहे. ६व्ही६ चा कॅथोड जमिनीपेक्षा सुमारे वीस व्होल्ट वर असतो आणि त्याच्याजवळ २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधीच बसवलेला असतो. त्या दोन रेझिस्टरचा मध्यबिंदू जमिनीऐवजी या कॅथोडला जोडला, की पूर्ण हीटर वर उचलला जातो आणि १२एएक्स७ च्या कॅथोडकडे जाणारा तो प्रवाह थांबतो. एका सोल्डरिंगचा हा बदल कधीही उलटवता येतो, ही जुन्या वस्तू जपणाऱ्यांसाठी जमेची बाजू आहे.

हीटरला डीसी देणे हा अनेकांचा पहिला विचार असतो. मी तो शेवटी ठेवीन. खूप गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) असलेल्या सर्किटमध्ये तो उपयोगी आहे, पण रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरमधून जाणारे प्रवाहाचे झटके चुकीच्या जागी जमिनीला मिळाले, तर हम जाऊन करकरीत आवाज मात्र पदरात पडतो. डीसीचा फायदा होईल की नाही, हे आधी पाहता येते: १२एएक्स७ चा हीटर बाकीच्यांपासून तोडून काही मिनिटे सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा. हम तसाच राहिला, तर डीसीवर खर्च करू नये.

शेवटची परीक्षा चॅम्पच्या स्वतःच्या स्पीकरवर घेऊ नये. लहान खोक्यातला आठ इंची स्पीकर इतका खालचा स्वर धड वाजवतच नाही, त्यामुळे शांतता जितकी वाटते तितकी नसते. आता आपण तोच अ‍ॅम्प्लिफायर योग्य ओहमच्या बारा इंची कॅबिनेटला जोडतो आहोत, कळ पूर्ण चढवतो आहोत, आणि ऐकतो आहोत.