पहिला हंडा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो. त्या आवाजानं घर जागं होतं, हंडे-कळश्या मोरीत सरकतात आणि मग धार लागते. आज मला तुमच्याशी त्या फुसफुसण्याबद्दल आणि त्यानंतर भरणाऱ्या पहिल्या हंड्याबद्दल बोलायचं आहे. पहिला हंडा. हे दोन शब्द मी आज वारंवार उच्चारणार आहे.

नळ फुसफुसतो, कारण पाइप रिकामा असतो आणि त्यात हवा भरलेली असते. येणारं पाणी ती हवा पुढे ढकलतं. आता सांगा, जमिनीत पुरलेल्या पाइपात हवा शिरली कुठून? कुणाचा नळ उघडा राहिला होता, कुठला सांधा ढिला होता, कुठे पाइपाला गंजून भोक पडलं होतं. आणि जिथून हवा आत शिरते, तिथून गटाराचं पाणीही शिरतं. पाइप भरलेला असतो तेव्हा पाणी जोरानं बाहेर येऊ पाहतं, घाण आत येत नाही. पाइप रिकामा झाला की उलट होतं, बाहेरचं आत येतं. पुन्हा सांगतो: भरलेला पाइप गळतो, रिकामा पाइप ओढतो.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण कळलं ते एका आजींमुळे. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी सव्वीस वर्षं पाणी तपासण्याचं काम केलं. पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. श्रावण नुकताच लागला होता. एका उताराच्या गल्लीत जुलाब-उलट्यांची माणसं निघाली. आठवड्यात चौदा. बाकी गाव ठणठणीत. आम्ही शुद्धीकरण केंद्रावरचं पाणी तपासलं, उत्तम. उंच टाकीतलं तपासलं, तेही उत्तम. मग गल्लीत जाऊन घराघरांतले नमुने घेतले. काचेच्या नळीत पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब, की पाणी लगेच पिवळं. म्हणजे जंतू मारणारा क्लोरीन शिल्लक आहे. तीन दिवस हेच. आमच्या कागदावर गल्लीतलं पाणी शुद्ध होतं आणि गल्लीत माणसं आजारी पडत होती.

नमुना घेण्याची एक रीत असते. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. नळाच्या तोंडाशी असलेली घाण बाटलीत येऊ नये म्हणून ही काळजी. रीत योग्यच आहे, मी आजही तशीच शिकवतो. आम्ही ती काटेकोर पाळत होतो.

चौथ्या दिवशी एका घरात बाटली भरत असताना मागून आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तू रोज येतोस साडेसहाला. पाणी येतं साडेपाचला. पहिला हंडा कधी बघितलायस का?"

मी विचारलं, "का हो आजी, पहिल्या हंड्याचं काय?"

"त्याला वास मारतो. मी तो अंगणात सड्याला घेते. तोंडात नाही घालत."

त्यांच्या घरात आठ माणसं, एकही आजारी नाही. शेजारच्या घरात तिघं अंथरुणाला. शेजारच्या सूनबाईंना विचारलं, तुम्ही कसं भरता? त्या म्हणाल्या, दीड तास पाणी असतं, कधी मध्येच जातं, म्हणून पिण्याचं आधी भरून घेते. किती शहाणपणाचा विचार! आपल्या बहुतेक घरांत असंच करतात. आणि त्याच शहाणपणानं त्या गल्लीत घरं आजारी पडत होती. तासभर उशिरा येऊन, वर दोन-तीन मिनिटं पाणी सोडून देऊन आम्ही पुरावाच वाहून घालवत होतो. हे कळलं तेव्हा माझ्या हातातली बाटली जड झाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजताच मी आजींच्या मोरीत जाऊन बसलो. नळ फुसफुसला. पहिली तांब्याभर धार गढूळ आली आणि वास आला. ओटी टाकलं. पाणी जसंच्या तसं. पिवळेपणाचा मागमूस नाही. त्यातलंच पाणी एका छोट्या एचटूएसच्या, म्हणजे जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणाऱ्या बाटलीत भरून ठेवलं. ही बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली सुचवलेल्या पद्धतीची. पाणी मैल्यानं दूषित असेल तर दिवस-दोन दिवसांत काळी पडते. आमची रात्रीतच काळी पडली. पण तिची वाट बघायला आम्ही थांबलो नव्हतो. गल्लीचा व्हॉल्व्ह त्याच सकाळी बंद केला, टँकर लावला, आणि तोवरचं भरलेलं पाणी कुणी उकळल्याशिवाय पिऊ नये म्हणून घरोघर जाऊन सांगितलं.

आता भोक कुठं आहे ते शोधायचं. अख्खी गल्ली खणणार का? पुढच्या पहाटे आम्ही अकरा घरांत अकरा माणसं उभी केली. प्रत्येकाच्या हातात काचनळी आणि ओटी. पाणी फक्त तपासणीपुरतं सोडलं आणि सगळ्यांनी पहिली धार पकडली. वरच्या पाच घरांत पिवळं. सहाव्या घरात जेमतेम. सातव्यापासून शेवटपर्यंत काहीच नाही. म्हणजे घाण शिरत होती ती पाचव्या आणि सहाव्या घराच्या मध्ये. मध्ये होता एक पडका वाडा, नुसती मोकळी जागा.

आमचे व्हॉल्व्हमन तिथं उभे राहिले आणि म्हणाले, "इथं एक नळ होता. वाडा पाडला तेव्हा मालकानं वरचा पाइप काढून नेला." कुठल्याही नकाशावर ते नव्हतं. श्रोतेहो, थोडं विषय सोडून बोलतो. आपल्या गावांतल्या पाइपांचा खरा नकाशा व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो, आणि त्या माणसाला आपण धड पगार देत नाही. तो निवृत्त होतो त्या दिवशी गावाचा नकाशा घरी जातो. वर आता गल्लोगल्ली काँक्रीट ओततात, खाली काय आहे याची नोंद न करता. उद्या गळती शोधायची तर रस्ता फोडायचा. मला याचा मनापासून राग येतो.

तर, गटारावरची फरशी उचलली. गटाराच्या पाण्यात बुडालेला अर्ध्या इंची लोखंडी पाइप, गंजून चाळण झालेला. त्याच्या तोंडात सुतळी गुंडाळलेली लाकडी खुंटी, कुजून भुसभुशीत. मुख्य लाइनवरचं फेरूल, म्हणजे घराचा नळ लाइनला जोडणारा तुकडा, मात्र उघडंच. आणि खालच्या पाच घरांत टिल्लू पंप, नळातून पाणी ओढणारे छोटे पंप. पाणीपुरवठा बंद झाला तरी हे पंप थोडा वेळ चालूच राहायचे, रिकाम्या होत चाललेल्या पाइपातून शेवटचा थेंब ओढायचे. पाण्याच्या जागी गटार ओढलं जायचं, ते रात्रभर पाइपात पडून राहायचं, आणि पहाटे पहिल्या हंड्यात यायचं. पाचेक मिनिटांनी टाकीचं चांगलं पाणी पोचायचं, ओटी पिवळं व्हायचं. साडेसहाला मी यायचो.

फेरूलपाशी जोडणी कायमची बंद केली. गटारातून गेलेले आणखी चार नळ वर उचलून घेतले. गल्लीच्या टोकाचा वॉशआउट, म्हणजे लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह, उघडून लाइन धुतली, जास्त क्लोरीनचं पाणी भरून ठेवलं, पुन्हा धुतली. टिल्लू काढायला लावताना मात्र भांडणं झाली. तिसऱ्या पहाटे आजींच्या मोरीतल्या पहिल्या धारेत ओटी टाकलं. छान हळदीसारखं पिवळं.

या हकिगतीनं माझा बराच वेळ घेतला, उरलेल्यात कामाचं सांगतो. शेवटच्या नळाला क्लोरीन उरला पाहिजे. टाकीजवळच्या नाही, शेवटच्या नळाला. एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, साथ असेल तेव्हा ०.५. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा आतड्यातला जंतू एकही सापडता कामा नये, असं आपलं भारतीय मानक सांगतं. गढूळ पाण्यात नुसती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ओतून भागत नाही. गाळ आणि घाण तो क्लोरीन खाऊन टाकतात. दिल्लीत १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला, तरी सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. आणि टीसीएलचं पोतं दमट खोलीत उघडं ठेवू नका. क्लोरीन उडून जातो, उरतो चुना.

नळाची लाइन आणि सांडपाण्याची लाइन यांच्यात तीन मीटर अंतर हवं, नळाची वर हवी. अरुंद गल्लीत ते जमत नाही हे मला मान्य आहे. मग निदान पाइप रिकामा राहू देऊ नका. कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मीटर लावले, गळत्या काढल्या. पाइप सतत भरलेला, म्हणून तो ओढत नाही. लोक घरात हजारोंची शुद्धीकरणाची यंत्रं बसवतात, त्यांना मी दोष देत नाही. पण यंत्र एका घराचं पाणी सुधारतं. शेजारी ज्याला ते परवडत नाही त्याचा पहिला हंडा तसाच राहतो. तेवढ्याच आग्रहानं गल्लीनं नगरपालिकेकडे एक फेरूल बंद करून मागितलं असतं, तर सगळ्यांचंच पाणी सुधारलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

गावात राहत असाल तर ओटीची बाटली ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. त्यांना तुमच्या मोरीत बोलवा. सोयीच्या वेळी नाही, पाणी येतं त्या वेळी. तपासलेलं पाणी सांडून द्या, ते पिऊ नका, कारण ओटी विषारी आहे. गल्लीतल्या दोन-चार घरांत एकाच वेळी तपासा आणि कुठल्या घरापर्यंत पिवळं होतं ते वहीत लिहा, तारखेसह. वही घेऊन कार्यालयात गेलात तर कुठं खणायचं हे विचारायला कुणाला जावं लागणार नाही.

आणि उद्या पहाटे नळ फुसफुसला की पहिल्या हंड्याचा वास घ्या. वास आला तर तो सड्याला वापरा, पिण्याचं पाणी नंतर भरा, आणि तसं त्याच दिवशी कळवा.

नमस्कार.