डीपीच्या खाली काय चाललंय?

(दृश्य: शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची फ्यूजची पेटी. पेटीचं झाकण गायब. आत तीन किटकॅट, म्हणजे फ्यूज धरणारे चिनीमातीचे ठोकळे, एकात फ्यूज वायरच्या जागी पीळ घातलेली जाड तार.)

ही डीपी नीट बघून घ्या. ट्रान्सफॉर्मर 63 केव्हीएचा, म्हणजे पाच एचपीच्या दहा-बारा मोटरी झेपतील एवढाच, आणि खाली प्रत्यक्षात किती जोडल्यात असं विचारलं की वायरमन नुसता हसतो. फ्यूज सारखी उडायची म्हणून कोणीतरी ही जाड तार टाकली. आता फ्यूज उडत नाही हे खरं, पण लोड एकदम आला की थेट ट्रान्सफॉर्मरच जळणार.

आणि लोड एकदम येतोच, ऑटोस्विचमुळे. रात्रपाळीची लाईट असली की बांधावर अंधारात कोण उभं राहणार, साप आहे, बिबट्या आहे, म्हणून ऑटोस्विच लावून ठेवायचा, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एकट्याने लावला तर काही बिघडत नाही, पण सगळ्यांनीच लावलेला असतो, मग लाईट आल्या आल्या सगळ्या मोटरी एका झटक्यात उठतात आणि उठताना मोटर चालतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. महावितरण कधीपासून सांगतंय, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. पण शेजारच्याने काढला नाही तर मी का काढू, असं प्रत्येकाचं.

बरं, ही डीपी जळली तर ऑफिसला कळतं कसं? कोणीतरी फोन करतो तेव्हा. फोन नाही केला तर नाही कळत. 2020 च्या दशकात, चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात, बहुतेक डीपींची हीच तऱ्हा आहे.

आता याच तारा धरून वर वर जाऊ. 11 केव्हीचा (11 हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे अनेक डीपींना वीज पुरवणारी लाइन, मग 33 केव्हीचं सबस्टेशन, मग 132, 220, 400 आणि 765 केव्हीचे ते उंच मनोरे, हायवेवरून जाताना दिसतात ते. जसजसं वर जाल तसतसं ग्रिड, म्हणजे तारांचं हे सगळं जाळं, हुशार होत जातं, आणि हे आत्ताचं नाही बरं का.

(दृश्य: कंट्रोल रूम, भिंतभर स्क्रीन, मध्यभागी मोठा आकडा.)

ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे, सगळे त्याला एसएलडीसीच म्हणतात. राज्यात या क्षणी किती वीज तयार होतेय, किती खपतेय, कुठली लाइन किती भरलीय, सगळं समोर. आणि मध्ये तो आकडा, 50 च्या आसपास हलणारा. ती फ्रिक्वेन्सी. काश्मीर ते कन्याकुमारी सगळी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात, रिंगणात पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांसारखी. वापर वाढला की ठेका जरा मंदावतो, कमी झाला की वाढतो. 49.90 ते 50.05 हर्ट्झ, एवढ्यात ठेवायचा. म्हणजे तुम्ही घरी गिझर लावलात तर या आकड्यावर परिणाम होतो, दिसणार नाही इतका बारीक, पण होतो.

आणि हा सगळा देश एका ठेक्यात आला तो सोलापूरमार्गे, हे फार कमी जणांना माहीत असतं. दक्षिणेचं ग्रिड आधी वेगळं चालायचं. 31 डिसेंबर 2013 च्या रात्री, लोक थर्टीफर्स्टच्या तयारीत असताना, सोलापूर-रायचूर ही 765 केव्हीची लाइन चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, आणि दक्षिण भारत बाकीच्या देशाला जोडला गेला. एक देश एक ग्रिड म्हणतात ते इथून.

त्याच्या दीड वर्ष आधी काय झालेलं ते आठवत असेल. 30 जुलै 2012 ची मध्यरात्र, बिना-ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या लाइनवर लोड फार वाढला, ती ट्रिप झाली आणि उत्तरेचं अख्खं ग्रिड झोपलं. कसंबसं उठवलं तर 31 तारखेला भर दुपारी पुन्हा, आणि यावेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. 62 कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. आपण पश्चिम ग्रिडमध्ये असल्यामुळे वाचलो, नाहीतर आपणही अंधारातच बसलो असतो. त्यानंतर मोठ्या सबस्टेशनांमध्ये पीएमयू नावाची यंत्रं बसवायचं काम जोरात सुरू झालं. हे यंत्र जीपीएसच्या घड्याळाला बांधलेलं, सेकंदाला 25 वेळा मोजमाप पाठवतं, त्यामुळे दिल्लीत बसलेल्या माणसाला सोलापूर आणि आग्रा एकाच क्षणी कसे आहेत ते दिसतं. पूर्वी आकडे मागेपुढे यायचे आणि तोवर लाइन गेलेली असायची.

वरचे डोळे किती तयार झालेत ते 5 एप्रिल 2020 ला दिसलं. लॉकडाऊन, रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद करायचे होते. दिव्यांचा हिशोब करून अंदाज बांधलेला, मागणी 12 ते 14 हजार मेगावॅटने पडेल. पडली किती? 31 हजार. दुपटीपेक्षा जास्त! लोकांनी नुसते दिवे नाही, अजून काय काय बंद केलं देव जाणे. तरी ग्रिड टिकलं, कारण देशभरातली जलविद्युत केंद्रं आधीच भरपूर चालवून ठेवलेली आणि त्या मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅट झर्रकन खाली आणली. कोयनेसारख्या केंद्राचा हाच तर फायदा, पाणी वळवलं की मिनिटांत वर, मिनिटांत खाली. कोळशाच्या बॉयलरला हे जमत नाही.

मला मात्र त्या रात्रीचा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक. टेक्निकल बाजू भक्कम होती म्हणून निभावलं, पण 14 हजार म्हणावं आणि 31 हजार व्हावं, याचा अर्थ खाली घराघरात कुठल्या वेळी काय चालू असतं हे वरच्यांना नीट माहीतच नाही. जुना मीटर महिन्यातून एकदा वाचला जातो, फोटो काढून. त्यात संध्याकाळी 7 चं युनिट आणि दुपारी 2 चं युनिट एकच.

मुंबईचंही बोलायला हवं. 12 ऑक्टोबर 2020, सकाळी 10 च्या सुमाराला लोकल जागच्या जागी थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर. कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या लाइन एकामागोमाग गेल्या. मुंबईला अशा वेळी बाहेरच्या ग्रिडपासून स्वतःला तोडून घ्यायची सोय आहे, आयलँडिंग म्हणतात, ट्रॉम्बेसारख्या जवळच्या केंद्रांवर शहर तगून राहतं. त्या दिवशी ते टिकलं नाही. इथे प्रॉब्लेम साधा होता, शहरात वीज आणायला रस्तेच कमी. खारघर-विक्रोळी लाइन कित्येक वर्षं कागदावर होती, ती अखेर 2023 मध्ये चालू झाली आणि मुंबईत आणखी 1000 मेगावॅट आणायची सोय झाली. सॉफ्टवेअर कितीही स्मार्ट आणा, तार नसेल तर काय करणार ते.

(दृश्य: चाळीच्या जिन्याखालचं मीटर बोर्ड. जुन्या मीटरांच्या रांगेत एक नवा, लाल दिवा लुकलुकतोय.)

आता ज्यावरून एवढी भांडणं झाली तो मीटर.

केंद्राने 2021 मध्ये वीजवितरण सुधारायची आरडीएसएस योजना आणली, तीन लाख कोटींच्या वरची, त्यात देशभर 25 कोटी स्मार्ट मीटर, शेतीपंप सोडून. महाराष्ट्रात सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटं 2023 मध्ये गेली, मीटरमागे 12 हजारांच्या घरात, त्यात वर्षानुवर्षांची देखभाल, सिम, सर्व्हर सगळं धरून. सुरुवातीला ते प्रीपेड असणार होते. मोबाईलसारखा रिचार्ज संपला की लाईट बंद. लोक भडकले, मोर्चे निघाले, 2024 च्या जूनमध्ये सरकारने जाहीर केलं की सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही. मग तोच स्मार्ट मीटर टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) मीटर म्हणून पोस्टपेडमध्ये यायला लागला. लोकांना वाटलं मागच्या दाराने आणला. आणि खरं सांगायचं तर तसं वाटण्यात लोकांची चूक नव्हती, कारण कोणी बसून समजावलंच नाही, एक दिवस दोन पोरं येतात, जुना मीटर काढतात, नवा लावतात आणि जातात.

आत काय असतं? मोजायचं काम जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरचंच. नवीन आहे ती घड्याळाची जोड आणि बोलायची सोय. दर 15 मिनिटांचा वापर वेगळा लिहून ठेवतो, म्हणजे दिवसाचे 96 कप्पे, आणि सिमवरून किंवा आसपासच्या मीटरांच्या रेडिओ साखळीतून सर्व्हरला पाठवतो. आणि एक गंमत आहे त्यात. लाईट गेली की मीटरही मरणार ना? पण आत छोटासा साठा असतो, त्यावर मरता मरता तो एक मेसेज टाकतो, इथली सप्लाय गेली म्हणून. एकाच डीपीखालच्या चाळीस मीटरांनी एकदम असा मेसेज टाकला तर फोनची वाट बघायची गरज नाही, डीपी गेलीय हे ऑफिसला बसल्या जागी कळतं. एकाच मीटरचा आला तर खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटलीय. लाइनमन कुठल्या खांबावर चढायचं ते ठरवून निघतो, पावसात अख्खा फीडर चालत तपासायची वेळ येत नाही.

आणि खरा हिशोब डीपीवर होतो. डीपीला मीटर, फीडरला मीटर. डीपीतून गेली 1000 युनिट, खालच्या घरांची बेरीज 700 आली, तर उरलेली 300 कुठे गेली? थोडी तारांत गरम होऊन, बाकी तारेवर आकडे टाकून चोरीला. आजवर हे कळायचं नाही, त्यामुळे गळती अख्ख्या फीडरच्या डोक्यावर बसायची. भारनियमनाच्या काळात ज्या फीडरवर गळती जास्त त्याला अंधार जास्त असा ग्रेडच लावलेला, म्हणजे आकडा टाकणारा एक आणि अंधारात बसणारे सगळे. प्रामाणिक बिल भरणाऱ्याचा राग तिथूनच आहे.

म्हणून मला वाटतं क्रम चुकला. आधी डीपी आणि फीडर मीटर पुरे करायचे होते, गावाला दाखवायचं होतं, बघा तुमच्या डीपीवर एवढी गळती होती, ती कमी झाली, ट्रान्सफॉर्मर जळायचे थांबले. मग घरात आला असतात तर लोकांनी दार उघडलं असतं. घरापासून सुरुवात केली आणि सगळ्यांना वाटलं हे फक्त वसुलीचं यंत्र आहे. शेतीपंपांचं तर अजूनच अवघड, लाखो पंपांना मीटरच नाही, एचपीवर हिशोब, आणि साडेसात एचपीपर्यंत आता बिलच माफ. मग तिथे किती वीज जाते हे सांगणारा एकच साक्षीदार, फीडरवरचा मीटर.

(दृश्य: माळरानावर सोलर पॅनेलच्या रांगा, मागे 33 केव्हीचं सबस्टेशन.)

असे मीटर लागायचं दुसरं कारण म्हणजे ऊन. पूर्वी वीज कोळशावर, म्हणून मागणी असेल तशी बनवायची. सूर्य तसं ऐकत नाही. दुपारी भरभरून देतो आणि संध्याकाळी 6-7 ला, नेमके सगळे घरी येऊन एसी, मिक्सर, टीव्ही लावतात तेव्हा निघून जातो. म्हणून टीओडी. जुलै 2025 पासून महावितरणने असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सूट जाहीर केली. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी उरका असा त्याचा अर्थ. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हे कसं जमणार हा प्रश्न आहेच, गृहिणी किंवा वर्क फ्रॉम होम असेल तर जमतं.

शेतीला मात्र ऊन अगदी फिट्ट बसतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, राळेगणसिद्धीपासून सुरुवात, मग 2023 ला तिचं दुसरं रूप आलं, आणि वैजापूर तालुक्यात धोंदलगावला त्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. सबस्टेशनच्या जवळच सोलर, त्याच शेतीच्या फीडरला वीज, दिवसा. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी हे चक्रच संपतं, आणि रात्री जायचं नसलं की ऑटोस्विचची गरजही उरत नाही, म्हणजे ती सुरुवातीची डीपी वाचायला सोलरचाही हातभार लागतो.

पण संध्याकाळचं काय, तर साठवण. बॅटऱ्या आत्ता येतायत, पण आपल्याकडे घाटघर कधीचं आहे, 250 मेगावॅट. वीज जास्त असली की खालच्या धरणातलं पाणी सह्याद्रीवर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा थोडी कमीच परत मिळते, पण मिळते ती हव्या त्या वेळेला. कुठल्या मिनिटाला चढवायचं आणि कुठल्या मिनिटाला सोडायचं हे ठरवायला खालच्या वापराचे आकडे लागतात, ते या 96 कप्प्यांतून यायचे आहेत.

तर तुमच्याकडे मीटर बदलायला आले की एवढं करा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्हीचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा, बिलावर तेच आकडे आलेत का तपासा. बिल अचानक वाढलं तर भांडायच्या आधी ॲपमध्ये तासागणिक वापर बघा, बरेचदा गिझर किंवा सोसायटीचा पंप सापडतो. तरी शंका असेल तर मीटर तपासणीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि सोबत हेही विचारा की आमच्या डीपीवर मीटर बसलाय का, आणि गेल्या महिन्याची गळती किती.