खायचं कुठून, टाकायचं कुठून? स्पंज, जेलीफिश आणि कृमींची गोष्ट

प्राणी कुठलाही असो, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा की हा खातो कुठून आणि उरलेलं बाहेर टाकतो कुठून. वाघ, बेडूक किंवा आपण, इथे हा प्रश्न पडतच नाही कारण उत्तर समोर दिसतं. पण पाठीचा कणा नसलेल्या, म्हणजे अपृष्ठवंशीय प्राण्यांकडे वळलं की याच एका प्रश्नाची भलतीच वेगवेगळी उत्तरं मिळायला लागतात. आणि हे कोपऱ्यातले कुणीतरी नाहीत हां, माहीत असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जाती यांच्याच आहेत. आज आपण त्यातले अगदी साध्या शरीराचे बघू, स्पंज, जेलीफिश आणि कृमी.

(दृश्य: तळ्यातल्या बुडालेल्या फांदीवर हिरवट, खडबडीत थर)

सुरुवात स्पंजपासून. स्पंज म्हटलं की समुद्र आठवतो, पण गोड्या पाण्यातही स्पंज असतात, तळ्यात, विहिरीत, नदीतल्या दगडांवर, आणि बघणारा शेवाळ समजून पुढे निघून जातो. त्यांचा अभ्यास खुद्द मुंबईत झालाय. हेन्री जॉन कार्टर नावाचे एक सर्जन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला होते, त्यांनी इथल्या तळ्यांमधले स्पंज गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि १८४९ साली मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं सविस्तर वर्णन छापलं. पुढे १८६३ मध्ये एका जातीला त्यांचं नाव दिलं गेलं, कार्टेरी, आणि ती जात आजही आपल्याकडे सापडते.

आता आपला प्रश्न. स्पंज खातो कुठून? तर त्याला तोंडच नाही. पोट नाही, रक्त नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत. त्याच्या अंगभर बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी आत येतं, आतल्या वाटांमध्ये खास पेशी बसलेल्या असतात, प्रत्येक पेशीला एक बारीक शेपटी आणि तिच्याभोवती एक झालर. शेपटी सतत हलत राहते त्यामुळे पाणी पुढे सरकतं, आणि पाण्यातले बॅक्टेरिया, बारीकसारीक कण त्या झालरीत अडकतात की पेशी ते गिळते. म्हणजे खाणारी पेशीच, पचवणारी पण पेशीच. गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर. दिवसभरात स्पंज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असं गाळून काढतो, जागचा न हलता.

१९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जे करून दाखवलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं. त्याने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, इतका की त्याच्या पेशी सुट्या सुट्या होऊन पाण्यात पसरल्या. मग तो थांबला. त्या पेशी सरकत सरकत एकमेकींना शोधत जवळ आल्या, त्यांचे गोळे झाले, आणि त्या गोळ्यांपासून पुन्हा नवीन स्पंज तयार झाले! दुसरा कुठला प्राणी असा गाळून परत उभा राहील विचार करा.

उन्हाळ्यात तळं आटलं तर गोड्या पाण्यातला स्पंज मरतो, पण मरण्याआधी कडक कवचाचे बारीक दाणे तयार करून ठेवतो. ते दाणे कोरडे पडून राहतात आणि पाऊस आला, तळं भरलं की त्यातून नवा स्पंज बाहेर पडतो. आपल्याकडच्या आठ महिने कोरड्या हवेत जगायचं तर अशी सोय लागतेच.

अजून एक, कारण हे लोकांना माहीत असायला हवं. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५०च्या सुमारास काही वेगळेच रेणू सापडले, त्यांच्यावरून सायटाराबिन नावाचं औषध बनलं, ते १९६९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरतात. शत्रूपासून पळता येत नाही म्हणून स्पंज अंगात तऱ्हेतऱ्हेची रसायनं बनवतो.

(दृश्य: पावसाळ्यातली जुहूची पुळण, ओल्या वाळूत निळे ठिपके)

आता जेलीफिश. हा मासा नाही हे आधी सांगतो. अंगात साधारण ९५ टक्के पाणी, हाड नाही, हृदय नाही, मेंदू नाही, पण मज्जातंतूंचं एक जाळं मात्र सगळ्या अंगभर पसरलेलं, म्हणजे स्पंजकडे नव्हतं ते इथे आलं. छत्रीच्या कडेला उजेड आणि तोल ओळखणारे बारीक अवयव असतात. आणि आता तोंड पण आहे, खाली मधोमध. फक्त ते एकच भोक आहे, खायचं त्यातूनच आणि न पचलेलं टाकायचं पण त्यातूनच. आधीचं बाहेर टाकल्याशिवाय पुढचं नीट घेता येत नाही ही या शरीराची अडचण, तरीही ५० कोटी वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे.

शिकार दंशपेशींनी. सोंडांवर, म्हणजे त्या लोंबणाऱ्या दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म पेशी, प्रत्येकीत गुंडाळलेली एक विषारी नळी, स्पर्श झाला की ती जबरदस्त वेगाने बाहेर येऊन टोचते. याला मेंदूचा हुकूम लागत नाही, पेशी आपली आपण काम करते, आणि म्हणूनच किनाऱ्यावर मरून पडलेला जेलीफिशसुद्धा डंख मारू शकतो.

मुंबईत जून ते ऑगस्टच्या दरम्यान बातम्या येतात ना, जुहूला, गिरगाव चौपाटीला, अक्साला लोकांना जेलीफिश चावले, ते बहुतेक वेळा ब्लू बॉटल असतात. निळसर, हवा भरलेल्या छोट्या फुग्यासारखे दिसतात आणि खाली लांब निळे दोरे. खरं तर हा जेलीफिश नव्हे, त्याचा जवळचा नातेवाईक, आणि एक प्राणीसुद्धा नव्हे, एकमेकांना जोडलेल्या अनेक छोट्या जिवांची वसाहत, त्यात कुणी फक्त शिकार करतं, कुणी फक्त पचवतं, कुणी फक्त प्रजननाचं बघतं. स्वतः पोहता येत नाही, नैऋत्येचा वारा जोरात सुटला की ते आपल्या किनाऱ्याला ढकलले जातात. मुलं हौसेने उचलतात, उचलू देऊ नका. डंख झालाच तर वाळूने घासू नका, साधं पाणी ओतू नका. चिकटलेले दोरे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग धरून ठेवा, आणि श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल तर सरळ हॉस्पिटल.

जेलीफिशचं लहानपण कसं असतं हे फार कमी लोकांनी बघितलेलं असतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोहत जाऊन दगडाला चिकटतं आणि तिथे अगदी छोट्या झाडागत उभं राहतं, तोंड वर, सोंडा वर. दिवस आले की त्याच्या अंगाला आडव्या खाचा पडतात, एकावर एक चकत्या तयार होतात, आणि वरची एकेक चकती सुटून पोहायला लागते, तीच पुढे मोठी जेलीफिश होते. एकाच दगडावरच्या एकाच जिवापासून कितीतरी.

याच कुळातले प्रवाळ, आणि खडपांवरची समुद्रफुलं पण. मालवणचे प्रवाळ माहीत असतात, पण मुंबईतही, वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे कोस्टल रोडचं काम निघालं तेव्हा बऱ्याच जणांना कळलं, २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावल्या गेल्या, त्यातल्या काही कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर. वन्यजीव कायद्यात या प्रवाळांना वाघाइतकं संरक्षण आहे.

(दृश्य: ओढ्यातला दगड उलटा केला, खाली करड्या रंगाचा चपटा जीव)

आता कृमी. इथे शरीरात एक मोठा फरक पडतो. स्पंजला पुढचं-मागचं नाही, जेलीफिश सगळ्या बाजूंनी सारखा. कृमीला मात्र डोकं आहे, जिकडे जायचं तिकडे तोंड, आणि काहींना तिथेच डोळ्यांचे ठिपके, तिथेच मेंदूची सुरुवात. चपट्या कृमींमध्ये प्लॅनेरिया बघा, ओढ्यात दगडाखाली मिळतो, तुकडे केले तर तुकड्यातुकड्यातून नवा प्लॅनेरिया उभा राहतो, डोक्यासकट. पण याचंही भोक एकच. रक्त नाही, फुप्फुस नाही, म्हणून अंग पातळ ठेवावं लागतं, ऑक्सिजन कातडीतून थेट आत पोचायला.

याच गटातला पट्टकृमी, आतड्यात राहणारा, कित्येक मीटर लांब होतो आणि त्याला तोंडही नाही, आतडंही नाही. आपण पचवलेल्या अन्नातच तो बुडालेला असतो, सगळं कातडीतून शोषून घेतो. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि माणसाला फिट्स येतात. मांस न खाणाऱ्यालाही हे होऊ शकतं, कारण अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात आणि न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात. म्हणून मेथी, कोथिंबीर, गाजर जे कच्चं खाणार ते नीट धुवा.

मग गोल कृमी. यांच्यात शेवटी दोन भोकं आली, एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार, अन्न एकाच दिशेने चालतं. जंत यातलेच, मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. शाळेत, अंगणवाडीत १० फेब्रुवारीला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती यांच्यासाठी, आणि ती चुकवू नये. याच गटातला मातीत राहणारा एक मिलिमीटरचा कृमी, सी. एलेगन्स, त्याच्या ३०२ चेतापेशींमधली प्रत्येक जोडणी शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलीय आणि १९९८ मध्ये पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, वाचला गेलेला हा पहिला प्राणी.

आणि नारू, हाही गोल कृमीच. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना गावाकडे विचारा, चेहरा बदलतो. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं, त्यात सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जीव आणि त्याच्या पोटात नारूची अळी. पुढे साधारण वर्षभर काहीच कळत नाही. मग पायाला फोड येतो, आग आग होते, माणूस थंडाव्यासाठी पाय पाण्यात बुडवतो, तेवढ्यात फोडातली मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते, सायक्लॉप्स त्या खातो आणि फेरा पुन्हा सुरू. मादी मीटरभर लांब, काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर काढायची, तुटली तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा, तेही पेरणीच्या दिवसात. महाराष्ट्र नारूच्या सात राज्यांपैकी एक होता. यावर लस नव्हती, नारू मारणारं औषधही नव्हतं. पाणी कापडाने गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवा, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाका, घरोघर जाऊन रोगी शोधा, एवढ्यावर १९९६च्या जुलैत देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. हे काम ज्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी पायी हिंडून केलं त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

(दृश्य: ओली माती, गांडूळ)

शेवटी गांडूळ. हे खंडित शरीराचं, कड्या कड्यांचं, जळू पण याच कुळातली. कड्यांमुळे अंगाचा एक भाग आखडता येतो आणि दुसरा लांबवता येतो, त्यावर ते माती कापत जातं. एका टोकाने माती आणि पालापाचोळा आत, दुसऱ्या टोकाने विष्ठेचे ढीग बाहेर. डार्विनने यावर कित्येक वर्षं निरीक्षण करून १८८१ मध्ये लिहिलं की इंग्लंडच्या जमिनीत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. पियानो वाजवला तर त्यांना ऐकू येत नाही, पण कुंडी पियानोवर ठेवली की कंपनांनी ती लगेच बिळात जातात हेही त्याने घरीच तपासलं.

शेतकरी मित्रांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. गांडूळखताच्या बेडमध्ये असतात ती लाल गांडुळं बाहेरून आणलेली, वरच्या थरात राहून शेण-पालापाचोळा खाणारी. ती शेतात सोडली म्हणून जमीन भुसभुशीत होईल असं नाही, बेडचा ओला कुजका चारा नसेल तर ती टिकत नाहीत. जमीन आतून पोखरतात ती आपल्या मातीतली, इथलीच गांडुळं, आणि ती विकत आणावी लागत नाहीत. त्यांना कातडी ओली लागते कारण श्वास कातडीतूनच, म्हणून काडीकचरा जाळायचा नाही, तो जमिनीवर पसरायचा, मातीला सावली ठेवायची. दोन पावसाळ्यांनी कुदळ मारून बघा आणि मातीच्या ढेकळात बिळं मोजा.